चौकटींतील जाळें

मराठींत कोळी हें नांव दोघांस आहे. एक नदींत किंवा समुद्रांत जाळें टाकणारा, आणि दुसरा दोन झुडुपांच्या मध्यें जाळें बांधणारा. दोघांचा धंदा सारखा दिसल्यामुळें नांवही एक पडलें असावें. परंतु मासे धरणारा कोळी सूत बाहेरून आणतो आणि एकदां विणलेलें जाळें डागडुजी करीत दीर्घकाळ वापरतो. आठ पायांचा कोळी आपलें सूत स्वतःच्या पोटांतून काढतो, आणि त्याच्या कित्येक जाती आजचें जाळें उद्यांपर्यंतही ठेवीत नाहींत. संस्कृतांत त्याला ऊर्णनाभि म्हणतात, म्हणजे ज्याच्या नाभींत लोंकर आहे असा. मुंडकोपनिषदांत सृष्टि कशी उत्पन्न होते हें समजावितांना याच प्राण्याचा दृष्टान्त घेतला आहे, कारण तो तंतु बाहेर सोडतो आणि पुन्हां आंत घेतो. पुन्हां आंत घेतो हें म्हणणें निव्वळ कविकल्पना नव्हे, हें पुढें दिसून येईल.

चिंचपाड्यास पावसाचा जोर ओसरून भाद्रपद-आश्विनाचे दिवस आले, कीं रेल्वेच्या रुळांकडेचीं झुडुपें, शेतांचीं कुपाटीं आणि सागाखालचीं लहान रोपटीं या जाळ्यांनीं भरून जातात. एरव्हीं डोळ्यांस न दिसणारें जाळें सकाळच्या दंवानें एकाएकीं उजळून निघतें, आणि तें पाहून पुष्कळ विद्यार्थी विचारतात कीं, फुलपाखरांच्या पेट्या करितात तसें हें जाळें चौकटींत बसवून वर्गांत टांगतां येईल काय? येतें. त्यास फार खर्चही येत नाहीं. पण कोणाचें जाळें घ्यावें, तें घेतल्यानें त्या प्राण्याचें काय होतें, आणि भिंतीवर टांगलेलें जाळें पाहणारास नक्की काय सांगतें, हे प्रश्न त्या कृतीच्या आधीं यावयास पाहिजेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चौकटींत बसवावयाचें तें जाळें, कोळी नव्हे. टांचणीस टोंचून वाळविलेले मोठे कोळी कांचेच्या चौकटींत घालून बाजारांत विकतात, परंतु नमुना म्हणून त्यांची किंमत अल्प असते. फुलपाखराचें किंवा भुंग्याचें अंग कठीण कवचाचें असल्यानें तें वाळलें तरी आकार धरून राहतें. कोळ्याचें पोट मऊ पिशवीसारखें असतें; वाळतांच तें सुरकुततें आणि रंगही जातो. म्हणून संग्रहालयांतून कोळी सुमारें सत्तर टक्के मद्यार्कांत, बुचाच्या कुपींत ठेवितात. हें काम ज्यांना त्या प्राण्याची जात ठरवावयाची आहे अशा अभ्यासकांचें आहे. शाळेच्या भिंतीसाठीं जीव मारण्याचें कारण नाहीं, कारण पाहण्यासारखी जी गोष्ट आहे ती त्याच्या अंगाबाहेर, झुडुपावर ताणलेली असते.

त्या गोष्टीची रचना बैलगाडीच्या चाकाशीं ताडून पाहिली म्हणजे लवकर ध्यानांत येते. मध्यें तुंबा, तुंब्यापासून निघालेले आरे, आणि आऱ्यांचीं टोंकें बाहेरून बांधून धरणारी कड. चाकाला नसलेली एक वस्तु मात्र येथें असते. ती म्हणजे आऱ्यांवरून फेऱ्यामागून फेरे घालीत गेलेला चिकट दोरा. जाळें बांधणारी बहुधा मादी असते. नर आकारानें लहान असून प्रौढ झाल्यावर या उद्योगांत सहसा पडत नाहीं. ती एखाद्या डहाळीच्या टोंकास जाऊन पोटाचा शेवट उंच करते आणि एक तंतु वाऱ्यावर मोकळा सोडते. तो तरंगत जाऊन पलीकडे कोठें तरी चिकटला कीं पूल तयार झाला. त्या पुलावरून ती जाते, येते, त्यास बळकटी आणते. मग एक सैल दोरा मधोमध खालीं ओढून तीन फांट्यांची आकृति करते, आणि ते तीन फांटे जेथें मिळतात तोच पुढें तुंबा होतो. तेथून एकेक करून आरे ओढले जातात. नंतर ती मध्यापासून कडेकडे कोरड्या धाग्याचे विरळ फेरे घालते. ही केवळ गवंड्याची परांची आहे. कडेला पोंचल्यावर ती उलट फिरते, आणि आतां चिकट धागा जवळजवळ फेऱ्यांनीं लावीत मध्याकडे येते. येतां येतां मघांची परांची तोडून टाकीत जाते. दोन फेऱ्यांमधील अंतर ती पायांनीं मोजते. हें सर्व बहुतेक अंधारांत, दृष्टि मंद असतांना, केवळ स्पर्शानें चालतें आणि पुष्कळदां तासाभराच्या आंत आटोपतें. पूर्ण झालेल्या जाळ्यांत परांचीचें चिन्ह फारसें उरत नाहीं, म्हणून ज्यानें बांधणी पाहिली नाहीं त्याला या मधल्या पायरीची कल्पनाही येत नाहीं. विद्यार्थ्यानें चौकट करण्यापूर्वीं एकदां तरी संध्याकाळीं कंदील घेऊन ही बांधणी आरंभापासून शेवटपर्यंत पहावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

सूत एकाच प्रकारचें नसतें. या कुळांतील मादीच्या पोटांत सात प्रकारच्या तंतुग्रंथि असतात आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा. एक बाहेरील कडेचा व आऱ्यांचा भक्कम कोरडा दोरा देते, दुसरी फेऱ्यांचा लवचीक दोरा देते, तिसरी त्यावर चढविण्याचा चीक, चौथी भक्ष्य गुंडाळण्याचें पातळ वेष्टन. अंड्यांच्या पिशवीचें सूत आणखी निराळें. पोटांत हा पदार्थ द्रव असतो आणि बाहेर ओढला जात असतांनाच त्याचा घन धागा होतो. आऱ्यांचा धागा समान वजनाच्या पोलादाशीं ताडला तर बळानें कमी ठरत नाहीं; फेऱ्यांचा धागा मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणला तरी तुटत नाहीं. हा फरक सहेतुक आहे. वेगानें आलेली माशी ताठ दोऱ्यावर आदळली तर ती उसळून परत जाईल. लवचीक दोरा तिचा वेग हळूहळू गिळून टाकतो. मध्यम आकाराच्या जाळ्यांत सुमारें वीस मीटर धागा असतो, आणि इतक्या धाग्याचें वजन मिलिग्रॅमच्या अंशांतच मोजावें लागतें.

आतां कोणाचें जाळें घ्यावें? येथें उपनिषदांतील दृष्टान्त उपयोगी पडतो. निओस्कोना नांवाच्या गणांतील तपकिरी, बोजड पोटाचे कोळी संध्याकाळीं जाळें बांधतात आणि पुष्कळदां उजाडण्यापूर्वीं तें स्वतःच गुंडाळून खाऊन टाकतात. सुतांतील प्रथिन पोटांत परत जातें आणि त्याचा बराच भाग पुढील जाळ्यास उपयोगी पडतो. म्हणजे हें जाळें तसेंही सकाळीं नाहींसें व्हावयाचेंच असतें. तें आपण घेतलें तर त्या प्राण्याची एका रात्रीची पुंजी गेली हें खरें, परंतु घर मोडलें असें होत नाहीं. याकरितां चौकटीसाठीं हेंच जाळें योग्य. अडचण एवढीच कीं, सूर्य वर येईपर्यंत अंथरुणांत राहणारास तें मिळावयाचें नाहीं.

दुसरी ओळखीची जात आर्जिओपेची. पोटावर पिंवळे, रुपेरी व काळे पट्टे, आणि आठही पाय दोन दोन जोडून फुलीच्या आकारांत ती डोकें खालीं करून दिवसभर जाळ्याच्या मध्यें बसलेली असते. ती जाळ्यांतही पांढऱ्या नागमोडी सुताची फुली विणते. या फुलीचा हेतु काय, याविषयीं शास्त्रज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. किडे आकृष्ट करण्यासाठीं, पक्ष्यांनीं जाळ्यांतून उडूं नये म्हणून, शत्रूस भुलविण्यासाठीं, असे नाना पक्ष आहेत. आपल्याकडे आढळणाऱ्या एका जातीचें शास्त्रीय नांव आर्जिओपे अनसूया असें आहे. तें ऐकतांच मराठी मनुष्यास घरचें कोणी भेटल्यासारखें वाटतें. हिचें जाळें चौकटींत अतिशय शोभतें, पण ती दिवसाही शिकार करणारी असल्यानें तिचें जाळें घेणें म्हणजे तिला उपाशी ठेवणें होय. एकाहून अधिक घेऊं नये.

सह्याद्रीच्या दाट रानांतील नेफिला पिलिपेस हिच्या वाटेस मात्र मुळींच जाऊं नये. मादीचें अंगच दीड-दोन इंच लांब, आणि सोनेरी झांक असलेलें जाळें हातभराहूनही रुंद. ती तें रोज नवें करीत नाहीं. फाटलेला भाग दुरुस्त करून दिवसच्या दिवस वापरते. तें नेणें म्हणजे तिचें साठविलेलें घर नेणें. सिर्टोफोरा जातीचें तंबूसारखें जाळें तर चिकट नसून खोल असतें. तें सपाट कागदावर उचललें कीं त्याचा गुंता होतो, म्हणून तेंही सोडावें. या दोहोंकरितां छायाचित्र पुरें. मागें काळें कापड धरून आणि उजेड बाजूनें येऊं देऊन भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यानेंही उत्तम चित्र निघतें.

कोळ्याच्या सुताचा माणसाच्या कामीं उपयोग करण्याची खटपट जुनी आहे. पवित्र शास्त्राच्या वाचकांस यशयाचा ५९ वा अध्याय आठवेल. तेथें दुष्टांच्या कृतीस कोळ्याच्या जाळ्याची उपमा देऊन, अशा जाळ्यांचीं वस्त्रें व्हावयाचीं नाहींत असें म्हटलें आहे. संदेष्ट्याचा रोख माणसांच्या आचरणावर आहे. पण शब्दार्थाचीही परीक्षा पहाणारे लोक निघालेच. (नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायांत राजवाड्यांत राहणारा जो क्षुद्र प्राणी आहे तो जुन्या इंग्रजी भाषांतरांत कोळी होता; नव्या भाषांतरांत तो पाल झाला असल्यानें त्याचा दाखला येथें घेतां येत नाहीं.) फ्रान्समध्यें बाँ द सें-तिलेर यानें १७०९ च्या सुमारास कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशव्यांपासून मोजे व हातमोजे करून दाखविले. तेथील विद्वत्सभेनें रेओम्यूर या शास्त्रज्ञास चौकशी करण्यास सांगितलें, आणि त्यानें अभिप्राय दिला कीं, हे प्राणी एकत्र ठेविले तर एकमेकांस खातात, तेव्हां रेशमाच्या किड्याप्रमाणें यांची जोपासना परवडणारी नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मादागास्कर बेटांत पॉल कांबुए या जेझुइट मिशनऱ्यानें तेथील सोनेरी जाळ्याच्या मोठ्या कोळ्यांपासून सरळ धागा ओढून काढण्याची युक्ति बसविली. सायमन पीर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनीं तीच वाट पुन्हां धरून सुमारें अकरा फूट लांबीचें सोनेरी वस्त्र विणविलें. दहा लाखांहून अधिक कोळी त्यासाठीं धरून, धागा काढून, परत रानांत सोडण्यांत आले. तें २००९ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडलें गेलें, आणि तशाच सुताचा एक झगा २०१२ सालीं लंडनमध्यें लोकांनीं पाहिला. वस्त्र झालें खरें. पण एका वस्त्रास दहा लाख विणकर लागले, हें लक्षांत घेतां रेओम्यूरचें गणित चुकलें असें म्हणवत नाहीं. या धाग्याचा खरा व्यवहारी उपयोग दुर्बिणींत झाला. जमीन मोजणाऱ्यांच्या व ज्योतिष्यांच्या यंत्रांत दृष्टीसमोर जी बारीक फुली असे, ती पुष्कळ काळ कोळ्याच्या तंतूची असे, कारण इतका बारीक, सारखा आणि न सैलावणारा दुसरा धागा मिळत नव्हता. पितळी कड्यावर ताणून बसविलेले ते दोन तंतु म्हणजे चौकटींत घातलेल्या जाळ्याचा सर्वांत लहान नमुनाच होय.

आतां कृति. जाड काळा पुठ्ठा जाळ्याहून चारी बाजूंनीं चार बोटें मोठा घ्यावा. वारा पडलेला असतांना, पहांटेपूर्वीं, दिवा घेऊन जावें. पायांत जोडे आणि हातांत काठी असावी, कारण या दिवसांत गवतांत साप असतात. जाळ्यावर दंव असेल तर काम होत नाहीं. मादीला गवताच्या काडीनें हळूच स्पर्श करावा, म्हणजे ती कडेच्या दोऱ्यावरून पानाआड जाते. ती गेल्यावांचून पुढें जाऊं नये. या कोळ्यांचा दंश माणसास सहसा अपाय करीत नाहीं, पण हातानें धरण्याचें कारणच नाहीं. नंतर जाळ्यावर दोन्ही बाजूंनीं टाल्कम पावडर अलगद उडवावी. ही पावडर चिकट फेऱ्यांवर दाट बसते आणि कोरड्या आऱ्यांवर विरळ, त्यामुळें अशा चौकटींत आरे पुसट दिसतात. हा दोष नको असेल तर पांढऱ्या रंगाचा फवारा हातभर अंतरावरून, बाजूनें, थोडा थोडा द्यावा. समोरून जवळ फवारा दिला तर जाळें फाटतें. पुठ्ठ्यावर फवाऱ्याचा गोंद मारावा. तो ओलसर चिकट असतांनाच पुठ्ठा मागील बाजूनें जाळ्यास समांतर आणून सर्व जाळें एकाच वेळीं टेकेल असा पुढें न्यावा. तिरपा गेला कीं एका बाजूचे धागे ओढले जाऊन चाकाचें अंडें होतें. जाळें टेकल्यावर पुठ्ठा स्थिर धरून सोबत्यानें कडेचे ताण कात्रीनें तोडावे. हिसका देऊन ओढूं नयेत. वाळल्यावर कांच बसवावी, पण कांच आणि पुठ्ठा यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं लांकडाची बारीक पट्टी घालावी, नाहींतर दमट हवेंत धागे कांचेस चिकटतात.

यानंतर चिठ्ठी. दिनांक, वेळ, ठिकाण, जमिनीपासून उंची, झाडाचें नांव, आणि कोळ्याची जात ठाऊक असल्यास ती. ठाऊक नसल्यास रंग व आकार लिहून चित्र जोडावें. जात ओळखणें सोपें नाहीं. जगांत पन्नास हजारांहून अधिक जातींचे कोळी नोंदले गेले आहेत. आपल्या देशाच्या कोळ्यांवरील जुना मोठा ग्रंथ पोकॉक यांचा १९०० सालचा, त्यानंतर बी. के. टिकादर यांनीं भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या वतीनें १९८० च्या दशकांत ग्रंथ लिहून हें काम पुष्कळ पुढें नेलें. तें अजून संपलेलें नाहीं. ठाणें-कल्याणच्या परिसरांत सांपडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्यास २०२१ सालीं इसियस तुकारामी हें नांव मिळालें. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यांत प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तें ठेविलें आहे.

चिठ्ठींत एक खूण बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे वरची बाजू कोणती याची. जाळें दिसावयास वाटोळें असलें तरी त्याचा तुंबा बरोबर मध्यें नसतो. तो थोडा वर असतो आणि खालचा भाग मोठा असतो. कोळी डोकें खालीं करून बसतो आणि वर चढण्यापेक्षां खालीं धांवणें त्यास सुलभ पडतें, हें त्याचें कारण सांगतात. मग वजनच नसेल तर काय होईल? हा प्रश्न अमेरिकेंतील लेक्सिंग्टन गांवच्या ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीनें विचारला, आणि तिच्या सूचनेवरून १९७३ सालीं स्कायलॅब या अंतराळस्थानकांत अनिता आणि अॅराबेला नांवाचे दोन कोळी पाठविण्यांत आले. अॅराबेलाचें पहिलें जाळें वेडेंवांकडें झालें, परंतु एक-दोन दिवसांत तिनें चांगलें जाळें बांधलें. फक्त धागा पृथ्वीवरच्यापेक्षां बारीक व जाडीनें असमान निघाला. दोन्ही कोळी पुढें मेले, आणि आज अॅराबेला अमेरिकेच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयांत आहे. याहून नवल २०११ मधील प्रयोगाचें. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर सोनेरी जाळें विणणारे कोळी ठेविले असतां, अंधारांत बांधलेलीं त्यांचीं जाळीं बरींच समतोल झालीं; पण दिवा लावलेला असतांना बांधलेल्या जाळ्यांत तुंबा दिव्याच्या बाजूस सरकलेला आढळला. खालीं-वर ठरविण्यास वजन मिळेना, तेव्हां त्या प्राण्यानें उजेड ज्या बाजूस ती वर, असें धरिलें होतें.

तेव्हां पुठ्ठा झुडुपावरून काढण्यापूर्वींच त्याच्या पाठीवर खडूनें वर रोख असलेला बाण काढावा. चौकट उलटी टांगली गेली असेल तर पट्टी घेऊन तुंब्यापासून वरच्या व खालच्या कडेचें अंतर मोजतां येतें, आणि बहुधा तेवढ्यावरून ती सरळ करितां येते. पण लहान पिलांचीं जाळीं अधिक वाटोळीं असतात, आणि तेथें बाणावांचून दुसरा उपाय नाहीं.